भाट्येची पुळण आणि पहिला नंबर

आज रत्नागिरीजवळच्या भाट्येच्या किनाऱ्यावर पळून आल्यावर, पळण्याची वेळ नोंदवणाऱ्या ॲपवरची क्रमवारी बघितली आणि खरंच वाईट वाटलं. पहिल्या नंबरवर एक किलोमीटर १ मिनिट ५० सेकंदांत! हजार मीटरचा जागतिक विक्रम २ मिनिटं ११.९६ सेकंदांचा आहे, केनियाच्या नोआ न्गेनीचा, १९९९ चा. म्हणजे ही एकतर स्कूटर, नाहीतर जीपीएसची उडी. सुरूच्या झाडांखाली सिग्नल भरकटतो, हे मान्य. पण माणसाला अशक्य असलेली वेळ ॲपने आपोआप बाजूला काढायलाच हवी. आमच्यातली एक ताई पहाटे बाजाराआधी पुळणीवर पळते, मऊ वाळूत पाय रुतत असताना. तिचा हक्काचा पहिला नंबर दुसरा दिसतोय. मी ती नोंद रिपोर्ट केली आहे. रत्नागिरीकरांनो, तुम्हीही करा.