खुराडं, दुसरा पावसाळा: चुन्याने केलेला घात

मध्यंतरी एका पहाटे खुराड्याचं दार उघडलं आणि माझेच डोळे चुरचुरले. दांडीवर तांबडी एक डोळा मिटून बसलेली, दुसऱ्यातून पाणी. डांबरी, म्हणजे आपली मोठी कडकनाथ, तर दोन्ही डोळे मिटून. चौदा कोंबड्यांपैकी पाच जणींची हीच गत. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की यंदा खुराडं पावसाला तयार आहे. ते वाक्य मागे घेते.

नवीन मंडळींसाठी दोन ओळी. गेल्या वर्षी तिरप्या पावसाने खुराड्यात अंथरलेली गादी भिजली, रक्ती हगवण आली आणि तीन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, गेल्या. म्हणून यंदा मृगाच्या आधी तिन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत ताडपत्री ठोकली, फटींना चिकटपट्टी लावली, जमिनीवर भाताच्या तुसाची चार बोटं गादी घातली. लासोटा (राणीखेत रोगाची लस) मे महिन्यातच उरकला. मालवणच्या पावसाचा एक थेंब आत येऊ द्यायचा नाही, हा एकच ध्यास. थेंब आलाही नाही. तरी आर्द्रा संपेपर्यंत गादी ओली!

मूठ-परीक्षा तुम्हाला माहीत आहेच: मूठभर गादी दाबून सोडली की ती विस्कटली पाहिजे. माझा चक्क लाडू वळत होता. मग ज्याला विचारावं तो एकच सांगतो, चुना टाक. मीही दोन किलो विरलेला चुना भुरभुरवला आणि दाताळ्याने खालीवर केला. संध्याकाळी गादी जरा मोकळी दिसली म्हणून खुशीत झोपले.

सकाळी ते डोळे.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली, नाक पाहिलं, छातीला कान लावला. सर्दीचा रोग नाही म्हणाले, अमोनिया आहे. विष्ठेतलं युरिक आम्ल ओलीत कुजतं तेव्हा अमोनिया तयार होतो, पण त्यातला बराचसा गादीतच धरलेला राहतो. चुना पडला की गादी अल्कधर्मी होते आणि तो धरलेला अमोनिया वायू होऊन एकदम सुटतो. म्हणजे ओल्या गादीवर चुना टाकून मी बाटलीचं बूचच काढलं होतं! चुना वापरायचा तर गादी पूर्ण उपसल्यावर रिकाम्या जमिनीला आणि भिंतींना. राखेचंही तेच, तीही अल्कधर्मी. धूळस्नानाच्या कोपऱ्यात राख उत्तम, ओल्या गादीत नको.

आणि मला वास का आला नाही? कारण मी रोज उभ्याने डोकावत होते आणि रोजच्या वासाला नाक सरावतं. आता दार उघडल्या उघडल्या कोंबडीच्या उंचीवर उकिडवी बसते आणि पाच मिनिटं तशीच राहते. तुम्हीही करून बघा. गुडघे कुरकुरतील, पण खरं काय ते कळेल.

सगळी गादी उपसली, सहा गोणी भरल्या. डोळे स्वच्छ पाण्याने धुतले, पाचही जणी दोन दिवस पडवीत डालग्याखाली. नवीन तूस घातलं आणि चौथ्या दिवशी परत लाडू. इथे माझा संयम सुटला.

आता संशय जमिनीवर. गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, खालचा जांभा पाणी ओढतो, जुना कोबा काय कामाचा, वर चार इंच काँक्रीट टाकू. अकरा हजार. मी हो म्हणणारच होते, पण त्याआधी एक साधा प्रयोग केला. कोपऱ्यातली गादी बाजूला सारून कोब्यावर हातभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटवलं आणि एक रात्र ठेवलं. खालून ओल येत असेल तर थेंब प्लास्टिकच्या खाली धरणार, हवेतून येत असेल तर वर. सकाळी वरचं अंग घामेजलेलं, खाली खडखडीत कोरडं. अकरा हजार वाचले. गवंडी जरा रुसलाय.

म्हणजे ओल आतच तयार होत होती. हे कळलं त्याच संध्याकाळी मनालीहून भाच्याचा फोन. तो तिकडे नोकरीला आहे, घरामागे सहा कोंबड्या पाळतो. पहिल्या हिवाळ्यात बर्फाच्या धाकाने त्याने खुराडं डबाबंद केलं होतं. छताला आतून दव धरायचं, रात्री गोठायचं आणि फेब्रुवारीत कोंबड्याच्या तुऱ्याचं टोक काळं पडलं. "मावशी, कोरड्या थंडीत त्या पिसं फुलवून मजेत बसतात गं. तुरे गोठतात ते ओलीने. वर फट ठेव, त्यांच्या डोक्याच्याही वर, म्हणजे वाऱ्याचा झोत अंगावर येत नाही आणि दमट हवा निघून जाते." पुढच्या हिवाळ्यात त्याने तेवढंच केलं. सकाळी भांड्यातला बर्फ फोडून कोमट पाणी घालायचं काम मात्र आहेच.

बर्फातल्या पोराने समुद्राकाठच्या मावशीला शिकवावं! पण चूक तीच होती. रविवारी छपराखाली तिन्ही बाजूंनी वीतभर ताडपत्री कापली, पत्रा बाहेर दीड फूट वाढवला म्हणजे पागोळ्या लांब पडतात, आणि फटीला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी मारली. षटकोनी कोंबडीजाळी घेऊ नका. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. गेल्या वर्षी स्वस्तातले गंजरोधक म्हणून घेतले होते, खाऱ्या हवेत दिवाळीपर्यंत त्यांचा भुगा झाला.

फटीने वास निम्म्यावर आला, गादी मात्र ओलीच. थोडं डोकं खाजवल्यावर कळलं. मनालीची हिवाळ्यातली हवा थंड आणि कोरडी, बाहेर गेलेल्या ओलीच्या बदल्यात कोरडी हवा आत येते. आमच्याकडे बाहेरची हवाच पिळून काढावी अशी. फट अमोनिया नेईल, पण आषाढात तूस वाळवणार नाही. मग ओल मुळात कमीच व्हायला हवी.

उत्तर घरातच बसून तांदूळ निवडत होतं. सासूबाईंना मी हे सगळं ऐकवत होते, तर त्या मान वर न करता म्हणाल्या, "आमच्यो कोंबयो गोठ्यात वाश्यार बसायच्यो. खाली पडला ता सकाळी शेणावांगडा भायर."

शेणाबरोबर रोज सकाळी बाहेर! दीड वर्ष मी गादी कशी वाळवायची याचाच विचार करत होते. कोंबड्या रात्रभर दांडीवर एकाच जागी बसतात आणि विष्ठेचा मोठा वाटा तिथेच खाली पडतो. जुन्या कपाटाचं सनमायका लावलेलं दार माळ्यावर पडलं होतं. ते दांडीखाली वीतभर अंतरावर आडवं बसवलं, वर तुसाचा पातळ थर. सकाळी गवंडी-थापीने खरवडायचं, पाच मिनिटांचं काम. कुतूहलाने आठवडाभर वजन केलं (काटा वेगळा आणलाय, स्वयंपाकघरातला नाही): रोज सरासरी 650 ग्रॅम. ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं, म्हणजे दररोज रात्री जवळजवळ अर्धा लिटर पाणी मी गादीला पाजत होते, आणि वर ताडपत्रीने झाकण लावून!

आज नववा दिवस. मुठीत लाडू वळत नाही. विस्कटतो, तोही आळसावल्यासारखा, पण विस्कटतो. पाचही डोळेवाल्या बऱ्या आहेत. दोनवर आलेली अंडी काल पाच झाली, आणि स्वच्छ, पुसावी न लागणारी. त्यातलं एक सासूबाईंच्या हातावर ठेवलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण अंड्याचा पोळा स्वतः केला.

कोंबड्यांना पाणी पाजायच्या निपलच्या बाटल्यांबद्दल (चोचीने टोचलं की थेंब देणाऱ्या) तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतंत. ऑनलाइन मागवलेल्या सहापैकी चार पहिल्या दिवसापासून गळतात. परत देण्यापेक्षा दोन चांगल्यांवर भागवतेय. उघडं भांडं मात्र कायमचं बाहेर, त्यातलं अर्धं पाणी कोंबड्या गळ्याखालच्या लोंबत्या कातडीवरून गादीतच सांडायच्या.

पुढचा बेत संध्याकाळच्या दिव्याचा होता, अंड्यांसाठी उजेड वाढवायला. पण हे लिहिता लिहिताच सुचलं: दाराची ती फळी ड्रॉवरसारखी बाहेरून ओढता आली तर पावसात आत शिरायलाच नको. लोखंडी सरक्या इथे गंजणार. पीव्हीसी पाइप उभा चिरून दोन बाजूंना खाचा केल्या तर? गॅरेजमागे दीड इंची तुकडा पडलाय. दिवा राहू दे, आधी ड्रॉवर.

आणि मोगरी खुडूक झालीय. सासूबाईंचं म्हणणं, ह्या पावसात पिल्लं नकोत. बरोबरच आहे. मी तिच्याखाली पाच अंडी सरकवली आहेत, आज चौथा दिवस. त्यांना अजून सांगितलेलं नाही.