डब्ल्यूएनबीए ड्राफ्टचा तक्ता आणि बावीस वर्षांची अट: माझा अनुभव

डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टचा तक्ता मी दर एप्रिलला करते. ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने नव्या खेळाडू निवडणं. कोणत्या संघाची पाळी कितवी, कोणती खेळाडू उपलब्ध आणि कोणाकडे जागा रिकामी, एवढ्या तीनच गोष्टी त्यात असतात. पाळी आणि जागा यांचं गणित बसतं. "उपलब्ध कोण" या रकान्यात मात्र दर वर्षी गाडी अडते आणि दर वर्षी तितकाच संताप येतो. तुम्ही पहिल्यांदाच तक्ता करणार असाल तर कुठे अडणार आणि का, हे आधीच कळलेलं बरं. खालची उदाहरणं मुख्यतः २०२५च्या ड्राफ्टची आहेत आणि नियम तेव्हा लागू असलेल्या, लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२०च्या करारातले.

पाळीचं आधी उरकते. फेऱ्या तीन. २०२५मध्ये गोल्डन स्टेट व्हॅल्किरीज हा तेरावा संघ आला, म्हणजे एकूण पाळ्या ३९ व्हायला हव्यात. पण झाल्या ३८, कारण लास व्हेगस एसेसची पहिल्या फेरीतली पाळी लीगने २०२३ सालीच शिक्षा म्हणून काढून घेतली होती. तुमची बेरीज एकाने चुकत असेल तर अशी जप्त झालेली पाळी आधी शोधा. व्हॅल्किरीजना प्रत्येक फेरीत पाचवी जागा मिळाली होती. त्यांचा डिसेंबर २०२४मधला विस्तार ड्राफ्ट, ज्यात त्यांनी इतर संघांतल्या ११ खेळाडू उचलल्या, तो वेगळा. तो या तक्त्यात घुसवू नका.

२०२५मध्ये पहिल्या चार जागा लॉटरीने ठरल्या. प्लेऑफला, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांना, न पोचलेले चार संघ तिच्यात होते आणि शक्यता शेवटच्या दोन सीझनच्या एकत्रित हार-जितीवरून काढतात. ही दोन वर्षांची बेरीज लोक विसरतात. २०२४मध्ये लॉस एंजेलिस स्पार्क्स ८ विजय, ३२ पराभव करून तळाला होते, आणि दोन वर्षं मिळूनही तेच सर्वांत खाली, म्हणून पहिल्या क्रमांकाची शक्यता त्यांना ४४.२ टक्के. डॅलस विंग्ज आणि शिकागो स्काय दोन वर्षांत प्रत्येकी ३१ विजय, ४९ पराभव अशा बरोबरीत होते, म्हणून दोघांना २२.७ टक्के. पण शिकागोशी पाळी बदलून घ्यायचा हक्क डॅलसकडे आधीच्या एका ट्रेडमधून, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीतून, आला होता. दोन्ही आकडे मिळवले तर डॅलस ४५.४वर जातं, म्हणजे स्पार्क्सच्याही पुढे. डॅलसला पहिला क्रमांक लागल्यावर "नशीब काढलं" असं म्हणणाऱ्यांनी ही बेरीज केलेली नव्हती.

लॉटरीनंतर ट्रेड लिहून काढायचे. स्पार्क्सची दुसरी पाळी केल्सी प्लम या खेळाडूच्या तीन संघांमधल्या व्यवहारात सिअॅटल स्टॉर्मकडे गेली, शिकागोची तिसरी एरियल अॅटकिन्सच्या बदल्यात वॉशिंग्टन मिस्टिक्सकडे. हे दोन्ही व्यवहार फेब्रुवारीतले. तेव्हा डिसेंबरात केलेला क्रम एप्रिलला तसाच वापरू नका, फेब्रुवारीअखेर पुन्हा तपासा.

आता पात्रता.

नियम कागदावर छोटा दिसतो. अमेरिकी कॉलेजात खेळणारी मुलगी तीन वाटांनी ड्राफ्टला पात्र ठरते. एक, ड्राफ्टच्या वर्षात तिला २२ वर्षं पूर्ण होतात आणि कॉलेजची उरलेली पात्रता, म्हणजे तिथे खेळता येणाऱ्या चार वर्षांतलं जे शिल्लक आहे ते, ती लेखी सोडून देते. दोन, तिची चार वर्षांची पदवी झाली आहे किंवा ड्राफ्टनंतर तीन महिन्यांत होणार आहे. तीन, तिच्याबरोबर कॉलेजात दाखल झालेली मूळ तुकडी पदवीधर झाली आहे किंवा त्याच तीन महिन्यांत होणार आहे. आणि जी अमेरिकेबाहेर जन्मली, बाहेरच राहते आणि अमेरिकी कॉलेजात खेळलेली नाही, तिला त्या वर्षात २० पूर्ण झाली की पुरे.

पहिली अडचण वयाच्या मोजणीची. ड्राफ्टच्या दिवशीचं वय बघायचंच नाही, फक्त जन्मसाल बघायचं. २०२५साठी अमेरिकी कॉलेजातल्या मुलीचा जन्म २००३चा किंवा त्याआधीचा हवा, बाहेरच्या मुलीचा २००५चा किंवा त्याआधीचा. कॉलेजची खेळाडू लॉरेन बेट्स, तिचा जन्म ऑक्टोबर २००३चा. एप्रिलमध्ये ती २१ची होती, तरी वयाने पात्र. म्हणून मी तक्त्यात वयाचा रकाना ठेवतच नाही, जन्मसालाचा ठेवते.

दुसरी अडचण "परदेशी" कोणाला म्हणायचं याची. पासपोर्टवरून ठरवायला जाल तर फसाल. जॉर्जिया अॅमूर ऑस्ट्रेलियाची, पण ती व्हर्जिनिया टेक आणि केंटकीकडून खेळली, म्हणून तिला अमेरिकी मुलींचाच नियम. २०२४मध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलेली ब्राझीलची कमिला कार्डोसोही तशीच. रकान्याचं नाव "देश" न ठेवता "अमेरिकी कॉलेज: हो किंवा नाही" असं ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

तिसरी अडचण खरी डोकेदुखी आहे: वयाने पात्र असलेली मुलगी येणार की नाही. ज्यांची कॉलेजची पात्रता शिल्लक आहे त्यांनी ती ड्राफ्टच्या दहा दिवस आधीपर्यंत सोडायची असते. ज्यांचा संघ तेव्हा अजून एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या स्पर्धेत खेळतोय, त्यांना शेवटच्या सामन्यानंतर ४८ तास. २०२५ची अंतिम लढत ६ एप्रिलला, ड्राफ्ट १४ एप्रिलला. म्हणजे अंतिम फेरीतल्या मुलीने वर्षानुवर्षं ज्या सामन्याची वाट पाहिली तो संपल्यावर दोन दिवसांत सगळं आयुष्य कुठे वळवायचं ते ठरवायचं आणि आठवड्याभरात न्यूयॉर्कला मंचावर उभं राहायचं. पुरुषांच्या ड्राफ्टला जून उजाडतो, मुलांना विचाराला दोन महिने मिळतात. मुलींना एवढी घाई कशासाठी, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. सीझन मेमध्ये सुरू होतो हे कारण सांगतात. ते खरं आहे, पण त्याचा भार दर वेळी बावीस वर्षांच्या मुलीनेच का उचलायचा?

त्यात कोविडची भर पडली. २०२०-२१चा सीझन एनसीएएने कोणाच्याच चार वर्षांत धरला नाही, म्हणून पुढची काही वर्षं चौथ्या वर्षातल्या मुलींकडेही एक जादा वर्ष उरलं. "सीनिअर आहे म्हणजे येणारच" हा जुना ठोकताळा तेव्हाच मोडला. ऑलिव्हिया माइल्सचं बघा. २०२५मध्ये पहिल्या दोन-तीन नावांत तिला सगळे धरत होते. तिचा नोत्र दाम विद्यापीठाचा संघ मार्चअखेर टीसीयू या दुसऱ्या विद्यापीठाकडून हरला, तिने ड्राफ्टकडे पाठ फिरवली आणि पुढच्या वर्षासाठी गेली ती टीसीयूकडेच. अझी फडने यूकॉन विद्यापीठाला विजेतेपद मिळवून दिलं आणि तिथेच थांबली. बेट्सही तिच्या यूसीएलए विद्यापीठात राहिली. वरची तीन नावं अशी गेली की खालचा अख्खा तक्ता वर सरकतो.

त्या थांबतात यात मला काही गैर वाटत नाही. २०२५मध्ये पहिल्या चार क्रमांकांना पहिल्या वर्षाचा पगार ७८,८३१ डॉलर ठरलेला होता आणि पुढच्या क्रमांकांना त्याहून कमी. हे आकडे तक्त्यानुसार बांधलेले, घासाघीस नाही. कॉलेजच्या खेळाडूंना २०२१पासून जाहिरातींचे पैसे घ्यायला परवानगी आहे, आणि नावाजलेल्या मुलीला तिथे यापेक्षा जास्त मिळू शकत होतं. म्हणून तक्ता करताना माझा सल्ला: वयाने पात्र पण पात्रता शिल्लक असलेल्या मुलींचा वेगळा गट करा, त्यांची नावं पेन्सिलीने लिहा आणि लीगची अधिकृत यादी येईपर्यंत क्रमांक देऊ नका. कोणी समाजमाध्यमांवर "ती येतेय" म्हटलं तरी नाही.

पण माझा खरा राग वयाच्या अटीवर आहे. जूजू वॉटकिन्स जुलै २००५ची. डॉमिनिक मलोंगा नोव्हेंबर २००५ची, म्हणजे जूजूपेक्षा चार महिन्यांनी लहान. मलोंगा फ्रान्समध्ये वाढली, २०२४च्या ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सच्या रौप्यविजेत्या संघात होती आणि २०२५मध्ये दुसऱ्या क्रमांकावर सिअॅटलने तिला घेतलं. जूजू अमेरिकी कॉलेजात शिकते म्हणून वयाने तिचं वर्ष २०२७. मार्च २०२५मध्ये एनसीएएच्या सामन्यात तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. त्या घडीला ती देशातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू होती आणि डब्ल्यूएनबीएशी करार करायची तिला परवानगीच नव्हती. पुरुषांच्या एनबीएत १९ वर्षांची अट आहे, तीही जन्मसालावरूनच. २०२५मध्ये दोन्ही लीगमध्ये पहिला क्रमांक डॅलस शहराकडेच गेला: मुलींत पेज बेकर्स, तेव्हा २३ची, मुलांत कूपर फ्लॅग, ड्राफ्टच्या रात्री १८चा. एकाच शहराचे हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहिले की निराळं काही म्हणायची गरज उरत नाही.

या अटीतून लवकर निसटलेल्या मुली आहेत, पण त्या जन्मसालामुळे. ज्युवेल लॉइड २०१५मध्ये आणि सातू सबाली २०२०मध्ये कॉलेजच्या तिसऱ्या वर्षानंतर आल्या, कारण त्या त्या वर्षी दोघींना २२ पूर्ण होत होती. वर्गात थोड्या मोठ्या वयाची असणं हा इथे फायदा ठरतो. तेव्हा तिसऱ्या वर्षातल्या मुलींची जन्मसालं एकदा नजरेखालून घालाच.

हे आठवलं म्हणून सांगते: भारतातून बघणार असाल तर तारीख एक दिवस पुढची धरा. २०२५चं प्रक्षेपण न्यूयॉर्कच्या वेळेने संध्याकाळी साडेसातला होतं, म्हणजे आपल्याकडे १५ एप्रिलची पहाट, पाच वाजता. आणि भारतात राहून खेळणारी मुलगी जाऊ शकते का, तर नियमाने हो, २०च्या अटीखाली. ड्राफ्टशिवायही दार असतं: गीतू अॅना जोसला २०११मध्ये तीन संघांनी चाचणीसाठी बोलावलं होतं.

ड्राफ्टची रात्र स्वतः सोपी असते, नावं येतात, तुम्ही खुणा करत जाता. तक्ता मात्र तिथे बंद करू नका. तेव्हा संघात जास्तीत जास्त १२ जागा होत्या, पगाराची कमाल मर्यादा सांभाळायला काही संघ ११वरच थांबत. २०२५मध्ये कॅम्प, म्हणजे सीझनआधीची सराव शिबिरं, २७ एप्रिलला उघडले, सीझन १६ मेला सुरू झाला. त्या तीन आठवड्यांत दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या मुली भराभर गळतात. व्हॅल्किरीजच्या तिन्ही निवडी बघा. पाचव्या क्रमांकाची युस्ते योसिते त्या सीझनला युरोपातच राहिली, सतराव्या क्रमांकाची शायन सेलर्स आणि तिसाव्याची केटलिन चेन कॅम्पमध्येच सोडल्या गेल्या. पहिल्या सामन्याला त्यांची स्वतःची एकही निवड संघात नव्हती.

म्हणून शेवटचा रकाना "पहिल्या सामन्याला संघात: हो किंवा नाही" असा ठेवा. सोडलेल्या खेळाडूवर दावा करायला इतर संघांना ४८ तास असतात, तोवर "नाही" लिहू नका. आणि ज्या वर्षी युरोबास्केट, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, असते त्या वर्षी जूनमध्ये तिच्या सुमारास तो रकाना पुन्हा उघडा. युरोपच्या खेळाडू आपापल्या देशांकडे जातात, जागा मोकळ्या होतात. चेनला व्हॅल्किरीजनी परत बोलावलं ते तेव्हाच, आणि ती टिकली.