याशमधले एक मासिक: टीका आणि कथा

रुमानियाच्या ईशान्येला, मोल्दावियात, याश नावाचे शहर आहे. तेथे 1 मार्च 1867 रोजी ‘कोन्वोर्बिरी लितेरारे’, म्हणजे ‘साहित्यिक संवाद’, हे मासिक निघाले. ते चालवणारी ‘झुनिमेआ’ ही मंडळी जर्मनी-फ्रान्समध्ये शिकून परतलेली, तरुण आणि बरीचशी खोडकर होती. संपादनाचा भार याकोब नेग्रुत्सी वाहत असे आणि वैचारिक दरारा तितू मायोरेस्कू या टीकाकाराचा होता.

मायोरेस्कूने 1868 साली याच मासिकात आपल्या देशाच्या सांस्कृतिक वाटचालीवर जो लेख लिहिला, तो आजही झोंबतो. पश्चिमेकडून संस्थांचे सांगाडे आणले, पण त्यांच्यात भरायला आशय नाही, हे त्याचे म्हणणे. खेड्यांत शिक्षक नसताना शाळा काढल्या, लायक प्राध्यापक नसताना विद्यापीठे उघडली. आणि असा पोकळ सांगाडा नुसता निरुपयोगी नसतो, तर घातकच असतो, असे तो बजावतो. त्याच यादीत, वाचनाची गरज असलेला वर्ग तयार होण्याआधीच काढलेल्या साहित्यिक मासिकांचीही त्याने हजेरी घेतली आहे. हे तो एका साहित्यिक मासिकातच छापत होता, आणि मासिक हा प्रकारही पश्चिमेकडूनच आलेला होता! मला हा लेखातला दोष वाटत नाही. उसना साचा आपल्या मजकुराने भरता येतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने अशा रीतीने स्वतःच्या मासिकावरच टाकली होती.

ती जबाबदारी निभावली कथाकारांनी. त्यांपैकी इऑन क्रियांगा हा हुमुलेश्ती या खेड्यातला. तो चर्चमध्ये धर्मसेवक होता. पण नाटकाला जाणे, केस कापणे आणि चर्चवरच्या कावळ्यांवर बंदूक झाडणे अशा आरोपांवरून त्याला तेथून काढून टाकले गेले. पुढे तो प्राथमिक शिक्षक म्हणून जगत असताना कवी मिहाई एमिनेस्कू, जो त्या वेळी शाळा तपासनीस होता, त्याला या मंडळींत घेऊन आला. क्रियांगाची पहिली कथा 1875 साली छापून आली, आणि ती निघाली सासू-सुनांची. आपल्या मानेमागे एक तिसरा डोळा आहे आणि तो कधीच मिटत नाही, अशी धमकी देऊन सासू सुनांना रात्रभर कामाला जुंपते आणि स्वतः खुशाल झोपते. थोरल्या दोघी हे निमूटपणे खरे मानतात. धाकटी मात्र आल्या रात्रीच स्वयंपाक रांधून, दारू काढून जावांसह ताव मारते, आणि पुढे सासूच्या जिभेला सुया टोचून वर मीठ चोळते. आपल्याकडच्या कुठल्याही सुनेला हा तिसरा डोळा नव्याने समजावून सांगावा लागणार नाही. मायोरेस्कूच्या लेखी शेतकरी हाच देशातला एकमेव खरा वर्ग होता. पण क्रियांगाचे शेतकरी टीकाकाराच्या आदर्शासाठी उभे राहत नाहीत. ते कपटी आहेत, खादाड आहेत, क्रूर आहेत, आणि त्यांच्या तोंडची बोली त्या लेखातल्या घोटीव गद्याहून कितीतरी जिवंत आहे.

इऑन लुका काराजियाले याने तर ती चौकटच ओलांडली. त्याची 1889 साली याच मासिकात आलेली ‘ईस्टरची मशाल’ ही कथा लेइबा झिबाल या ज्यू खाणावळवाल्याची आहे. ख्रिस्ती नसलेल्यांना 1866 च्या राज्यघटनेने नागरिकत्वाचे दार बंद केलेल्या देशात हा माणूस तापाने आणि भीतीने पोखरला गेला आहे, कारण कामावरून काढलेल्या नोकराने ईस्टरच्या रात्री परत येण्याची धमकी दिलेली आहे. दरवाजाला पाडलेल्या भोकातून हल्लेखोराचा हात आत येतो तेव्हा झिबाल तो फासात अडकवतो आणि दिव्याच्या ज्योतीवर धरतो. भित्र्या माणसातून क्रौर्य कसे उगवते हे काराजियाले डॉक्टरी थंडपणे दाखवतो. बळी कोण आणि छळणारा कोण, याचा निवाडा मात्र तो करत नाही.

मायोरेस्कूच्या विवेचनात झिबालला जागाच नाही. तो शेतकरी नाही, आणि ज्यांच्या संस्था पोकळ ठरवल्या त्या सुशिक्षितांपैकीही नाही. म्हणून या मासिकाचे जुने साहित्य वाचताना मला टीकेपेक्षा कथा अधिक धाडसी वाटतात. टीकेने भोंगळ लेखन झोडपून जागा मोकळी केली खरी, पण त्या जागेत कोण येऊन बसेल, हे ठरवणे तिच्या हातात राहिले नाही.