पिंपातला चहा: आमची वाटचाल

आमच्या धंद्याचं पहिलं भांडवल म्हणजे एक रिकामं पिंप. 225 लिटरचं, फ्रेंच ओकच्या लाकडाचं, तीन-चार हंगाम शिराज ही लाल वाइन मुरवून निवृत्त झालेलं. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या ज्या वायनरीच्या लॅबमध्ये मी नोकरीला होते, तिथे अशी पिंपं अधूनमधून मोडीत निघायची. कुणी अर्धी कापून कुंड्या करायला न्यायचं, कुणी हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायचं. 2012 साली मी त्यातलं एक पाच हजारांना मागून घेतलं आणि टेम्पोत घालून मखमलाबादला घरी आणलं. सासूबाई ओसरीवर होत्या. वास आला तशा म्हणाल्या, "देवघरासमोरून नेऊ नकोस, मागच्या दाराने ने." मी मागच्या दाराने नेलं.

सुताराला बोलावून एका बाजूचं झाकण काढून घेतलं. आत डोकावले तर फळ्या जांभळ्या झालेल्या आणि त्यांवर बारीक स्फटिक चमकत होते, खडीसाखरेचा चुरा चिकटवावा तसे. वाइनमधल्या टार्टरिक आम्लाचे क्षार असे लाकडावर बसतात. नखाने खरवडून जिभेवर ठेवले तर आंबट लागले. ते पिंप आठ दिवस सावलीत उघडं ठेवलं, कारण रिकाम्या पिंपाला बुरशी लागू नये म्हणून आत गंधक जाळतात आणि गंधकाचा वास चहाला लागला की संपलं. मग नीलगिरीचा ऑर्थोडॉक्स चहा आणून तीस किलो आत भरला. सीटीसी, म्हणजे यंत्रात चिरडून दाणेदार केलेला नेहमीचा चहा, कधीच वापरला नाही. त्या दाण्याला कडकपणा आहे, पण वास धरून ठेवायला पान लागतं, वळलेलं आणि मोठं.

कल्पना कुठून आली असं सगळे विचारतात. लॅबमधला माझा चहाचा पुडा एका पावसाळ्यात पिंपांच्या खोलीत राहून गेला. दिवाळीआधी सापडला. टाकून द्यायच्या आधी सवयीने नाकाशी धरला आणि तिथेच थांबले. चहा भोवतालचा वास ओढून घेतो हे सगळ्यांना माहीत असतं. मोगऱ्याच्या फुलांत चहा मुरवतात तो ह्याच गुणावर. पण चहाचं आणि द्राक्षाचं मुळातच नातं आहे. दार्जिलिंगच्या मे-जूनच्या तोडणीत मस्कत द्राक्षासारखा वास येतो, त्याला त्या धंद्यात मस्कटेल म्हणतात. तो येतो कशाने, तर पानांवरच्या तुडतुड्यांनी! तुडतुडे रस शोषतात, झाड स्वतःला वाचवायला सुगंधी द्रव्यं तयार करतं. लिनालूल आणि जिरॅनिऑल ही असली द्रव्यं मस्कत द्राक्षात असतात, तीच चहातही असतात. हे मी सासऱ्यांना सांगितलं, ज्यांनी उभा जन्म तुडतुड्यांवर फवारण्या मारण्यात घालवला, तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला शेड देतो मळ्यातली."

चाखण्याचं सामान मात्र मी पहिल्या दिवसापासून नीट घेतलं. कडेला दातेरी खाच असलेले पांढरे चिनी मातीचे कप, त्यांची झाकणं, त्यांचे वाडगे, असे सहा संच. शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम चहा, उकळतं पाणी, सहा मिनिटं, हे चाखणाऱ्यांचं जगभरचं प्रमाण. कप झाकणासकट वाडग्यात आडवा टाकायचा, खाचेतून चहा गळतो आणि पान आत राहतं. थुंकायला आजेसासऱ्यांचं पितळी तस्त. त्या तस्तावरून घरात बरंच बोलणं झालं, पण आज ते आमच्या चाखायच्या खोलीत मधोमध आहे आणि रोज चिंचेने घासलं जातं. आणि फुरका. लहानपणी फुरका मारला की पाठीत धपाटा बसायचा. चहा चाखणाऱ्याला फुरकाच मारावा लागतो. घोटाबरोबर हवा आत ओढली की चहा जिभेवर सगळीकडे उडतो आणि वास घशामागून नाकात चढतो. नुसतं गिळलं तर निम्मा चहा कळतच नाही.

आमची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक म्हणजे पंचवटीच्या बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेल्या, गळ्यात तुळशीची माळ. 2013 च्या संक्रांतीला एका हळदीकुंकवात मी वाण म्हणून पन्नास ग्रॅमची पाकिटं लुटली. पाकिटावर 'वाइन चहा' वाचून चौघीजणींनी ती तिथेच ठेवली. बाईंनी मला बाजूला घेतलं. "अगं, खरं सांग, यात दारू आहे का?" मी सांगितलं, पिंप कोरडं असतं, चहा मुरल्यावर साठ अंशांवर पुन्हा वाळवतो, आणि प्रयोगशाळेचा कागद माझ्याकडे आहे. त्या म्हणाल्या, "कागद घेऊन ये." दुसऱ्या दिवशी नेला. चष्मा लावून पूर्ण वाचला, मग म्हणाल्या, "आता कर चहा." बशीत ओतून प्यायल्या. फुरक्याने. मला शिकवावं लागलं नाही. त्यांच्या भिशीतल्या अकरा बायका आमच्या पहिल्या गिऱ्हाईक झाल्या, आणि पाकिटावर 'मद्यविरहित' हा शब्द नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात छापायचा सल्लाही बाईंचाच.

आता 2016. ह्यावर मी लांब लिहिणार आहे, कारण त्या वर्षाबद्दल बाजारात आमच्याविषयी जे बोललं गेलं ते अजून माझ्या कानात आहे.

मळ्यातली शेड अपुरी पडायला लागल्यावर आम्ही सराफ बाजाराच्या खालच्या बाजूला तळमजल्यावर गोदाम घेतलं होतं. भाडं कमी, दुकानदार जवळ. नाशिककर म्हणतील, नदीकाठी चहा ठेवला? बरोबर आहे. 2 ऑगस्टला गोदावरीने पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीला पाण्याखाली घेतलं तेव्हा आमचे हे आणि दोन पोरं गुडघाभर पाण्यातून पोती डोक्यावर काढत होती. दोन पिंपं तरंगली, ती गेली. पण 180 किलो चहा कोरडा निघाला. एक लाख साठ हजारांचा माल. निफाडच्या चुलत सासऱ्यांनी त्याच रात्री पिकअप पाठवली आणि पत्र्याची रिकामी शेड दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

शेडच्या पलीकडे कांद्याची चाळ होती.

ज्यांच्या घरी चाळ आहे त्यांना सांगायला नको. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो, भाव मिळेपर्यंत थांबतो, आणि ऑगस्टच्या दमट हवेत खालचा थर सडायला लागतो. त्या वर्षी कांद्याला भाव नव्हता, म्हणून चाळ भरलेलीच होती. मी शहरात चिखल उपसत होते. अठरा दिवसांनी निफाडला गेले, पोतं उघडलं आणि मूठ नाकाशी नेली. शिराज नव्हता, ओक नव्हतं. कांदा होता. सगळ्या पोत्यांत. पुन्हा वाळवून बघितला, उघड्यावर पसरून बघितला. कपात पाणी पडलं की वास वर यायचा. शेवटी सगळा चहा द्राक्षबागेत खत म्हणून गेला.

दिवाळीच्या भेटपेट्यांची ऑर्डर होती, तीनशे पेट्यांची. ती ज्या व्यापाऱ्यामार्फत होती त्याला मी वर्षभर घरच्यासारखं वागवलं होतं. नमुने दिले, पिंप दाखवलं, कोणत्या पानाला किती दिवस लागतात तेही सांगितलं. मी सप्टेंबरमध्ये त्याला खरं काय ते सांगितलं आणि मुदत मागितली. तो म्हणाला, "ताई, काळजी करू नका, मी बघतो." त्याने बघितलं ते असं, की साध्या चहावर बाटलीतला रेड वाइनचा अर्क फवारून त्याने स्वतःच्या नावाने तीनशे पेट्या दिल्या. पेटीवर ओकचं पिंप छापलेलं, माझ्याच शेडमध्ये काढलेल्या फोटोवरून. आणि दुकानादुकानांत सांगितलं, की त्यांचा माल पुरात भिजला होता, तोच वाळवून विकतायत. आमचा एक किलोसुद्धा भिजलेला चहा बाजारात गेला नाही. जो खराब झाला तो जमिनीत गेला. हे मी तेव्हाही सांगत होते, आजही सांगते.

ऑक्टोबरात कामगारांचे पगार थकले. नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि उरलेली उधारीही अडकली. मी नोकरीवर परत जायचं ठरवलं होतं, अर्जही लिहिला होता. तेव्हा बाई रिक्षाने मखमलाबादला आल्या. पेन्शनच्या खात्यावरचा चेक, भिशीतल्या सगळ्यांचा मिळून, वर्षभराच्या चहाचे पैसे आगाऊ. म्हणाल्या, "माल असेल तेव्हा दे. आणि तो वासाच्या बाटलीचा चहा मी पिऊन बघितला, दुसऱ्या पाण्याला नुसतं तांबडं पाणी राहतं." त्या पैशांतून दोन पिंपं आणि साठ किलो नीलगिरी आला. माल उंचावर, पक्क्या खोलीत, आसपास दुसरं काही नाही.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. आज नऊ पिंपं आहेत, सातपूरला जागा आहे.

बाईंनी सांगितलेली परीक्षा तुम्हीही करा. अर्क लावलेला चहा पाकीट उघडताच खोलीभर वास मारतो आणि दुसऱ्या पाण्याला मोकळा होतो. पिंपात मुरलेला चहा पाकिटात शांत असतो, गरम पाण्यात उलगडतो आणि दुसऱ्या पाण्याला ओकचा गोडसर वास जास्त देतो. पहिल्या पाण्याला चार मिनिटं, दुसऱ्याला सहा. दोनशे मिलिलिटरला अडीच ग्रॅम. पाणी उकळलं की गॅस बंद करून थोडं थांबा, चहा पाण्यात टाकून उकळू नका, गाळताना चमच्याने पिळू नका. पिळलं की तुरटपणा सगळा खाली येतो. बोअरचं पाणी नको, जड पाण्यावर चहाची साय धरते आणि वास दबतो. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी उत्तम. दूध नको, दुधातलं केसिन हे प्रथिन चहातल्या तुरट टॅनिनला धरून बसतं आणि वाइनसारखी जी पकड जिभेला जाणवायची ती जाते. उन्हाळ्यात लिटरभर गार पाण्यात दहा ग्रॅम टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा, सोबत थॉम्पसनची चार द्राक्षं. शेनिन ब्लां ह्या पांढऱ्या वाइनच्या पिंपातला चहा असा सगळ्यात छान लागतो. आणि डबा काळ्या मसाल्याच्या शेजारी ठेवू नका. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगते, आता पाकिटावरही छापलंय.

ज्यांना घरी हे करून बघायचंय त्यांनी पिंपाच्या मागे लागू नये. पिंपाला आंबूस वास असेल, म्हणजे आत व्हिनेगर झालं असेल, तर ते फुकट मिळालं तरी घेऊ नये. आत ओल असेल तर चहाला बुरशी लागते. पिंप मिळालंच तर दर तिसऱ्या दिवशी लोळवावं लागतं, नाहीतर फळ्यांना लागलेला चहा मुरतो आणि मधला कोरा राहतो. त्यापेक्षा चांगला दार्जिलिंग, दुसऱ्या म्हणजे मे-जूनच्या तोडणीचा, पन्नास ग्रॅम घ्या आणि नुसता चाखा. द्राक्ष त्यात आहे का नाही ते आधी स्वतःच्या जिभेने ओळखा.

तो व्यापारी अजून धंद्यात आहे. पेटीवर पिंपाचा फोटोही तोच आहे, डावीकडे आमच्या शेडच्या दाराची निळी कडी दिसते.

बाई आता घराबाहेर पडत नाहीत. दर दुसऱ्या शनिवारी मी स्वतः पाव किलो घेऊन जाते. सहा नंबरचं पिंप परवा उघडायचंय, चव आधी त्यांना दाखवायची आहे.