फळ्यावरचा पुसलेला शब्द

13 जून 1981. शनिवारची सकाळची शाळा, कौलांवर पाऊस. मी नववीत, आणि फळ्यावर बातम्या लिहायची पाळी माझी. आदल्या दिवशी माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर वारले होते. रेडिओवर ऐकलेल्या तेवढ्या भांडवलावर मी ठसठशीत लिहिलं : ‘थोर मराठी न्यायमूर्ती व माजी कुलपती गजेंद्रगडकर यांचे निधन.’

इतिहासाचे सर आले, डस्टर उचललं. ‘कुलपती’ पुसून ‘कुलगुरू’ केलं. मग ‘मराठी’ पुसलं, आणि तिथं काहीच लिहिलं नाही.

पहिल्याचं कारण लगेच मिळालं : कुलपती राज्यपाल असतो, गाडा ओढतो तो कुलगुरू. दुसऱ्यावर मात्र वर्ग पेटला. सीमाभागात ‘मराठी’ पुसायचं, तेही आमच्या शाळेत!

सर म्हणाले, “नुसतं नाव वाचून माणूस कुठला ते ठरवूलास होय? गजेंद्रगड कुठं आलं ते तरी बघ की.”

गाव तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातलं, आता गदगमध्ये. गजेंद्रगडकरांचे पूर्वज तिथून साताऱ्याला आले. हे 1901 साली साताऱ्यात जन्मले आणि 1918 साली शिकायला पुन्हा धारवाडलाच गेले. कर्नाटक कॉलेज तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. सातारा, बेळगाव, धारवाड, सगळा एकच मुंबई इलाखा. मग पुण्याचं डेक्कन कॉलेज, 1926 पासून मुंबई हायकोर्टात वकिली. “1956 साली ते सुप्रीम कोर्टात गेले आणि आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात,” एवढं बोलून सर खिडकीबाहेर बघत राहिले. सरन्यायाधीशपद, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपद, विधी आयोग हे सगळं दोन वाक्यांत उरकलं. घंटा होत आली होती.

माझा राग आठवडाभर टिकला. शेजारी बसणारा मित्र घरी कन्नड बोलायचा, त्याच्याशी मी उगाचच अबोला धरला. त्याला बिचाऱ्याला कारणही कळलं नाही.

पुढं वकील झालो. बेळगाव कोर्टात दत्तकाचा एक दावा हाती आला आणि वाचता वाचता कळलं, ‘दत्तकमीमांसा’ या जुन्या संस्कृत ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती गजेंद्रगडकरांनी काढलेली! सरांनी हे सांगितलंच नव्हतं. रात्री जागून तेवढा भाग घोटला, युक्तिवादात त्यांचं नाव दोनदा घेतलं.

निवृत्त सरांना हे सांगायला मुद्दाम घरी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“जिंकलास काय?”

“नाही सर. हरलो.”

“मग त्यांचं नाव कशाला सांगत फिरूलास?” म्हणाले, आणि आत वळून चहा टाकायला सांगितला.