खुंटाचा चाफा

सोनचाफ्याचं कलम घेताना नर्सरीवाला म्हणाला होता, "ताई, पुढच्या पावसाळ्यात फुलं मोजा." दीडशे रुपयांचं रोप, गुडघ्याएवढं, पण त्याला चक्क एक कळी होती आणि मी त्या कळीलाच भुलले. बदलापूरला घरामागे थोडी जागा आहे तिथे खड्डा घेतला, शेणखत घातलं, वाळू पण घातली कारण चाफ्याच्या मुळाशी पाणी साचलं की तो गेलाच समजायचं.

फुलं आली नाहीत, पण वाढ मात्र काय विचारता! वीतभर लांब पानं, महिन्याला नवीन फांदी. आल्यागेल्याला मागे नेऊन दाखवायचे मी. तिसऱ्या वर्षी झाड गच्चीच्या कठड्याला लागलं तरी कळीचा पत्ता नाही, मग ताक ओतून झालं, केळ्याच्या सालींचं पाणी झालं, एप्सम सॉल्ट झालं, यूट्यूबवर जे जे सांगतात ते सगळं झालं.

शेवटी एका माळीदादांना बोलावलं. ते वर बघेचनात, खाली बसले, बुंध्याजवळची माती बाजूला केली आणि मला एक वाळकी काडी दाखवली. प्लास्टिकची पट्टी अजून गुंडाळलेली. "हे तुमचं कलम. वाढलाय तो खुंट."

म्हणजे कसं, कलमात खाली बियांपासून वाढवलेलं रोप असतं तो खुंट, आणि त्याला जोडलेली असते फुलणाऱ्या झाडाची काडी. जोडाच्या खालून धुमारे आले की लगेच खुडायचे, नाहीतर सगळं अन्न तेच खातात आणि वरची काडी उपाशी मरते. मी खुडणं लांबच, पहिला धुमारा आला तेव्हा त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता. बावीस लोकांनी अंगठे दिलेले.

"मग आता तोडायचं का?"

"कशाला? बियांचं झाड आहे, सात-आठ वर्षं घेईल, पण देईल."

सासूबाई, मी त्यांना आई म्हणते, अठ्ठ्याहत्तरच्या. त्या म्हणाल्या, "राहू दे गं, मला कुठे घाई आहे!"

तर राहिलाय. फुलं तोवर स्टेशनबाहेरून विकत येतात, पानात बांधलेली चार-पाच. वसईकडचे शेतकरी पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात चाफा नेतात तो कलमी असतो, बुटका ठेवलेला, हाताने तोडता येतो. आमचा हा तोडायला शिडी लागेल, जंगलात तर सोनचाफा शंभर फूट सहज जातो. आणलेल्यातलं एक फूल आई काचेच्या बाटलीत पाण्यात पूर्ण बुडवून झाकण लावून ठेवतात, ते कितीतरी दिवस तसंच राहतं. वास मात्र येत नाही, नुसतं बघायचं.

चाफ्याजवळ भुंगा जात नाही असं जुनी माणसं म्हणतात, बिचाऱ्या चाफ्याचा एवढाच काय तो दोष. पण हा मॅग्नोलियाच्या कुळातला, आणि ते कुळ मधमाश्यांच्याही आधीचं, त्यांचे परागकण मुख्यतः भुंगेरे, म्हणजे टणक पाठीचे बीटल किडे, वाहतात. म्हणजे भुंगा नाही तर भुंगेरा! ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय मला, पण आधी फूल तर हवं.

फूल नाही तरी पाहुणे येतात. मध्यंतरी पानं कडेने कुरतडलेली दिसली, निंबोळी तेलाची बाटली घेऊन गेले तर हिरव्यागार अळ्या. भाच्याने सांगितलं, मामी थांब, टेल्ड जे फुलपाखराच्या असतील. खरंच निघालं, काळ्यावर पोपटी ठिपके, क्षणभर स्थिर म्हणून बसत नाही. तेलाची बाटली परत कपाटात.

यंदा सहावं वर्ष. परवा सकाळी आईंनी हाक मारली, काठीने वर दाखवत होत्या, "ती बघ, ती कळीच आहे." चाफ्याचं हे एक अवघड असतं, नवं पान पण लवदार टोपी घालून येतं, लांबून फरक कळत नाही. मोबाइलने झूम करून बघितलं. पान होतं.

"चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं," आई म्हणाल्या आणि पलीकडची फांदी बघायला लागल्या.