घोड्याच्या पुठ्ठ्यात छर्रे नाहीत

रशियाच्या टूरवर टूर मॅनेजरचं निम्मं काम म्हणजे स्वच्छतागृहांचं वेळापत्रक, आणि उरलेलं निम्मं म्हणजे जेवण. राजवाडे, चित्रं, पुतळे हे सगळं त्यातून सापडणाऱ्या फटीत बसवायचं. सेंट पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक चौकात बस थांबते ती माणसं उतरण्यापुरती. पुढे हर्मिटेज म्युझियमच्या प्रवेशाची वेळ ठरलेली असते. त्यामुळे या चौकाला मी पंधरा मिनिटं देते: पाच कॅथेड्रलच्या घुमटाला, पाच फोटोंना, पाच झार निकोलस पहिल्याच्या पुतळ्याला.

स्थानिक गाइडबाई रशियनमधून बोलतात, मी हेडसेटवर मराठीत सांगते. पाच मिनिटांचा मजकूर पाठ झालाय. पुतळा १८५९ सालचा. एकूण आराखडा मॉन्फेराँचा, म्हणजे ज्यानं समोरचं कॅथेड्रल बांधलं त्याचाच. घोडा आणि स्वार मात्र प्योत्र क्लोट या शिल्पकाराचे. एवढा मोठा ब्राँझचा घोडा नुसत्या मागच्या दोन पायांवर उभा. मग हशा पिकवणारं वाक्य येतं. कॅथेड्रलच्या पलीकडे पीटर द ग्रेटचा घोडा याच दिशेला तोंड करून उभा आहे, म्हणून गावात म्हणतात की मूर्ख शहाण्याच्या मागे धावतोय, पण मध्ये आयझॅक आडवा आलाय. आणि शेवटी ठेवणीतली गोष्ट: घोड्याच्या पुठ्ठ्यात बंदुकीचे छर्रे भरलेत, म्हणून तोल राहतो. इथे ग्रुप "अरे वा" म्हणतो आणि मोबाइल वर करतो.

गाइडबाई "जगातला असा पहिलाच पुतळा" असंही म्हणतात. तेवढं मी सोडून देते, कारण वॉशिंग्टनला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांच्या पुतळ्याचा घोडा १८५३ पासून दोन पायांवर उभा आहे. बाईंशी भांडायला मला वेळ नसतो, आणि लोकांना "पहिला", "सर्वांत मोठा", "एकमेव" यापलीकडे फारसं काही नको असतं हेही खरं.

त्या ग्रुपमध्ये कोल्हापूरचे एक काका होते. शिरोलीला त्यांची फौंड्री, आता मुलगा बघतो. मॉस्कोत ते फारसे बोललेच नव्हते. प्लोश्चाद रेव्होल्युत्सी मेट्रो स्टेशनवर ब्राँझच्या कुत्र्याचं नाक चोळायला सगळे धावले (नशीब उघडतं म्हणे), तेव्हा हे वाकून त्याच कुत्र्याच्या पायातला जोड शोधत होते. बायकोनं हाक मारली तेव्हा उठले.

आयझॅक चौकात छर्ऱ्यांची गोष्ट झाली आणि काकांनी हेडसेट काढून गळ्यात टाकला.

"ताई, ह्ये काय खरं न्हाई."

मी हसून वेळ मारून नेली. पण काका चौथऱ्याभोवती चालायला लागले. आधी बाजूनं बघितलं, मग मागून, मग पार रस्त्यापलीकडे जाऊन. परत आले ते बंद छत्री घेऊन. छत्रीचं टोक फरशीवर टेकवलं, दांडा तिरका धरला आणि मुठीला पाण्याची बाटली अडकवली.

"ह्यो घोडा. पुढचं सगळं वजन खुरांच्या पुढं गेलंय. मागं छर्रं भरा, शिसं भरा, तोल थोडा मागं येईल. पण सगळं वजन जाणार कुठनं? घोट्यातनं. आतनं पोकळ ब्राँझ, आन् त्यात वारा. छर्ऱ्यानं भार वाढंल, कमी न्हाई व्हायचा. ह्येच्या पायात लोखंड असणार बघा. पार खाली दगडात रोवलेलं."

आता ग्रुप गोळा झाला. बाईंनी विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. त्यांना राग आला, आणि तो मला पटला: एवढी वर्षं याच चौकात उभं राहून बोलायचं आणि कोणा प्रवाशानं छत्री दाखवून खोटं पाडायचं! पण इथे बाईंना मानलं पाहिजे. वाद न घालता त्यांनी मोबाइल काढला, रशियनमध्ये शोधलं आणि मोठ्यांदा वाचून दाखवलं. मागच्या पायांसाठी क्लोटनं लोखंडी आधार मागवले होते, वजन ६० पूड, किंमत चांदीचे २००० रूबल. पूड म्हणजे सोळा किलोंहून थोडा जास्त. हजार किलोंना थोडे कमी.

"एक टन लोखंड," काका म्हणाले. विजयाचा भाव तोंडावर नव्हता. हिशेब चालला होता.

मग त्यांनी विचारलं, ओतला एकदाच का? नाही, पहिल्या वेळी साचा तडकला, ओतकाम फुकट गेलं, दुसऱ्यांदा ओतावा लागला. हे मला ठाऊक होतं, पण कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यावर कोणी "अरे वा" म्हणत नाही. काका मात्र तिथेच कट्ट्यावर टेकले. हवेला वाट मिळाली नाही की काय होतं, ओल राहिली तर काय होतं, रस आत जाताना कान देऊन का ऐकायचं, हे बोलायला लागले. तरुणपणी त्यांच्या गुरूंकडे महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं काम आलं होतं. गावच्या कमिटीला घोडा "उडता" हवा होता आणि शेपटीला आधार नको होता. गुरूंनी शेपूट खाली टेकवली ती टेकवलीच, आणि कमिटीनं शेवटचा हप्ता दिला नाही. पीटरच्या घोड्यालाही शेपटीशी साप आहे, मी म्हटलं, फाल्कोने या शिल्पकारानं तिसरा टेकू तिथेच लपवलाय, १७८२ साली. "शाणा माणूस," काका म्हणाले.

तोवर ग्रुपमध्ये दोन तट पडले होते. एक तट ऐकत होता. दुसऱ्यातल्या एका काकू मला सारख्या विचारत होत्या, हर्मिटेजमध्ये बसायला खुर्च्या आहेत का. हर्मिटेजची वेळ कशीबशी गाठली. मधला भेटवस्तूंच्या दुकानाचा थांबा गेला.

संध्याकाळी मोकळा वेळ होता. जूनमध्ये तिथे रात्री साडेदहालाही लख्ख उजेड असतो. काका-काकूंना मी नेव्स्की रस्त्यावरच्या अनिच्कोव पुलावर नेलं. बसमधून आम्ही तिथले क्लोटचेच चार घोडे "डावीकडे बघा, उजवीकडे बघा" करत दाखवतो. ते खरं तर पायी बघायचं ठिकाण आहे.

क्लोटची गोष्ट इथे नीट सांगता आली. जन्म १८०५चा, जनरलचा मुलगा, तोफखान्याच्या शाळेत शिकलेला. नोकरी सोडून घोडे घडवायला लागला. ब्राँझ ओतण्यातला मुरलेला माणूस, वासिली एकिमोव, मधेच वारला आणि कला अकादमीचं ओतकामही क्लोटच्याच गळ्यात पडलं. १८४१ साली पूल उघडला तेव्हा पश्चिमेचे दोन घोडे ब्राँझचे होते आणि पूर्वेचे दोन प्लास्टरचे, ब्राँझचा रंग मारलेले. पुढच्या वर्षी त्यांच्या जागी ब्राँझचे तयार झाले, तर निकोलसनं ते प्रशियाच्या राजाला बर्लिनला भेट पाठवले. पुन्हा ओतले, ते १८४६ला नेपल्सला गेले. तेव्हा क्लोटनं त्याच त्या जोडीची नक्कल करणं सोडलं आणि दोन नव्याच रचना केल्या. त्या १८५०ला बसल्या. म्हणून चार घोड्यांत चार निराळे प्रसंग आहेत, एकात तर माणूस पार खाली पडलाय.

"म्हंजे पार्टी दर बारीला माल उचलून पाव्हण्याला देती," काका म्हणाले, "आन् ह्यो परत भट्टी पेटवतो."

आणि ज्या राजानं घोडे वाटले, त्यालाच शेवटी क्लोटनं दोन पायांच्या घोड्यावर बसवलं. हे माझ्या डोक्यात आधी कधी आलंच नव्हतं.

काका घोड्यांच्या पोटाखालून बघत होते. पोटावरच्या शिरा बोटभर उठलेल्या. त्या ओतून येत नाहीत इतक्या साफ, ते म्हणाले, नंतर कोणीतरी छिन्नी-कानस घेऊन बसलाय. मग खूर. "दोघांना नाल हायत, दोघांना न्हाईत." मी अनेकदा त्या पुलावर उभी राहिलेय, बाईंकडून नालांची कथाही ऐकलीये, स्वतः वाकून मोजलं कधीच नव्हतं. चौथऱ्याच्या ग्रॅनाइटवर तोफगोळ्याची खूण मुद्दाम ठेवलीये, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वेढ्यात लेनिनग्राडवर, म्हणजे याच शहरावर, पडलेल्या १,४८,४७८ गोळ्यांपैकी एकाची. घोडे मात्र वेढ्याच्या काळात शेजारच्या राजवाड्याच्या बागेत पुरलेले होते, १९४५ला वर काढले. काकूंनी विचारलं, पुरताना पाय नाही मोडले? काका म्हणाले, ज्यानं ओतलेत त्यानं मोडायला ओतलेले न्हाईत.

टूर संपल्यावर फीडबॅकचे फॉर्म आले. "एकाच पुतळ्यापाशी फार वेळ घालवला" अशा तक्रारी होत्या, आणि दुकान चुकल्याची तर बऱ्याच जणांची. ऑफिसनं मला बोलावून विचारलं. मी छत्रीची गोष्ट सांगितली. साहेब म्हणाले, छान, पण छर्ऱ्यांची गोष्ट तशीच ठेवा, ती चालते. मला ते पटलेलं नाही. छर्रे कोणीही भरतो. लोखंड कुठून कुठे न्यायचं आणि किती, हे ठरवायला त्या माणसाच्या काय रात्री गेल्या असतील! ते सांगायला पाच मिनिटं पुरत नाहीत हा क्लोटचा दोष नव्हे.

पुढच्या बॅचच्या कार्यक्रमातून दुकानाची वीस मिनिटं मी काढली आहेत आणि चौकाला दिली आहेत. गाइडबाई राजी आहेत. छर्ऱ्यांची गोष्ट त्या अजूनही सांगणार, पण "असं म्हणतात" असं म्हणून. दुकानदाराचे फोन मात्र थेट ऑफिसात जातायत.